जामिया, दिल्ली, आयआयटीचा अर्ज : धानोऱ्याच्या सरांना आपण काय मदत करू शकतो?

बारावीचा निकाल लागला की धानोऱ्यात पुढच्या शिक्षणाच्या वाटा जवळजवळ ठरलेल्या असतात. गावातलं कॉलेज, नाहीतर गडचिरोली. घरची परिस्थिती बरी असेल तर चंद्रपूर किंवा नागपूर. दिल्ली विद्यापीठ, जामिया मिल्लिया, अलीगढ, आयआयटी, आयसर ही नावं मुलांच्या कानावर असतात, पण निकालाच्या दिवशी ती आठवून काही उपयोग नसतो. केंद्रीय विद्यापीठांच्या प्रवेश परीक्षेचे, म्हणजे सीयूईटीचे अर्ज साधारण जानेवारी ते मार्चच्या दरम्यानच घेतले जातात. त्या वेळी आपली मुलं बोर्डाच्या प्रॅक्टिकलमध्ये आणि पेपरात गुंतलेली असतात.

अशा वेळी मुलाला हाताला धरून सांगणारा माणूस कोण? शहरात क्लासवाले असतात, समुपदेशक असतात, शेजारी कुणाची तरी मुलगी आधीच दिल्लीला शिकत असते. धानोऱ्यात आहेत ते शाळेतले सर आणि मॅडम. म्हणून आमचं म्हणणं साधं आहे. आपल्या मुलांनी मोठ्या विद्यापीठात जावं असं वाटत असेल, तर आधी त्यांच्या शिक्षकांच्या पाठीशी समाजाने उभं राहावं. सत्कार आणि शाल-श्रीफळ होतंच. इथे गरज आहे ती कामाच्या मदतीची.

आपली संख्या कमी, म्हणून काम सगळ्यांचं

२०११ च्या जनगणनेनुसार गडचिरोली जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १० लाख ७३ हजार. त्यात आदिवासी समाज ३८ टक्क्यांहून जास्त, आणि मुस्लिम दोन टक्क्यांच्या आसपास. नागपूर, मालेगाव किंवा भिवंडीसारख्या आपल्या संस्था, आपली कॉलेजं इथे उभी राहतील एवढी आपली वस्तीच नाही. आपली मुलं गोंड, बौद्ध, ओबीसी मुलांच्या शेजारी त्याच बाकावर बसून त्याच मराठीत शिकतात. शिक्षकही तेच.

म्हणजे एका सरांना सीयूईटीचा अर्ज नीट कळला, तर त्याचा फायदा शेख आणि पठाणांच्या मुलांना होईल, तसाच आत्राम आणि उसेंडींच्या मुलांनाही होईल. यात आपला तोटा काही नाही. उलट पाच-सात मुलं एकत्र तयारी करत असतील, तर नागपूरला परीक्षेला जाताना गाडीचा खर्च वाटला जातो आणि आईबापांची काळजीही कमी होते.

प्रश्न किती मोठा आहे हे सच्चर समितीने २००६ मध्येच दाखवून दिलं. देशातल्या नामांकित कॉलेजांत पदवीच्या २५ विद्यार्थ्यांमागे फक्त एक मुस्लिम, आणि पदव्युत्तरला ५० मागे एक, असं त्या अहवालात नोंदवलं आहे. याचं कारण फक्त गुण कमी पडतात हे नाही. पुष्कळ मुलं अर्जापर्यंतच पोहोचत नाहीत.

नुसती माहिती पुरते का?

कुणी म्हणेल, आता सगळं मोबाईलवर आहे, मुलांनी शोधावं. यावर अमेरिकेत झालेलं काम आपल्याला उपयोगी आहे, कारण तिथेही गरीब घरातली हुशार मुलं मोठ्या विद्यापीठात अर्जच करत नाहीत असं आढळलं होतं.

कॅरोलिन हॉक्सबी आणि सारा टर्नर या अर्थशास्त्रज्ञांनी अशा मुलांना घरी माहितीची पाकिटं पाठवली. एका मुलामागे खर्च सुमारे सहा डॉलर. परिणाम चांगला दिसला म्हणून गाजावाजा झाला. पण पुढे तीच कल्पना देशभर खूप मोठ्या प्रमाणावर राबवली, तेव्हा प्रवेशात फरक पडला नाही. याउलट मिशिगन विद्यापीठाने वेगळा मार्ग घेतला. पात्र मुलाला नाव घालून पत्र दिलं, की तुला प्रवेश मिळाला तर चार वर्षांची शिकवणी फी नक्की माफ. पालकांनाही पत्र गेलं आणि शाळेच्या मुख्याध्यापकांनाही कळवलं. पत्र न मिळालेल्या मुलांपैकी २६ टक्क्यांनी अर्ज केला होता. पत्र मिळालेल्यांपैकी ६८ टक्क्यांनी केला. प्रत्यक्ष प्रवेश घेणाऱ्यांचं प्रमाण १२ वरून २७ टक्क्यांवर गेलं.

आम्ही यातून एवढंच घेतो : ढोबळ माहिती वाऱ्यावर जाते. “हे तुझ्यासाठी आहे, पैशाची सोय अशी आहे, आणि तुझ्या घरच्यांना व शाळेलाही हे माहीत आहे” असं कुणी नाव घेऊन सांगितलं, की मूल अर्ज करतं. व्हॉट्सअॅप ग्रुपवर जाहिरात पुढे ढकलली म्हणजे काम झालं असं समजू नये.

मेंढा-लेखाने दाखवलेला मार्ग

यासाठी मिशिगनपर्यंत जायचीही गरज नाही. धानोरा तालुक्यातलंच मेंढा (लेखा) गाव पाहा. वनहक्क कायदा २००६ चा. तो सगळ्या देशासाठी सारखाच होता. पण देवाजी तोफांच्या या छोट्या गोंड गावाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, तो देशात अगदी सुरुवातीच्यांपैकी. पुढे २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं.

हे जमलं त्यामागे गावाची जुनी सवय होती. मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारख्या बाहेरच्या अभ्यासूंना सोबत घेऊन गावकरी अभ्यासगटात बसत. कायदा वाचायचा, समजून घ्यायचा, शंका काढायच्या, आणि मग ग्रामसभेत सर्वसहमतीने ठरवायचं. हक्क कागदावर सगळ्यांचाच असतो. कागद वाचून दावा भरणाऱ्याला तो मिळतो.

विद्यापीठाचा प्रवेशही असाच आहे. माहितीपत्रक सगळ्यांसाठी खुलं आहे. ते बसून वाचणारा अभ्यासगट मात्र आपल्याकडे नाही. दोन शिक्षक, दोन पालक, बाहेर शिकून आलेला एखादा मुलगा किंवा मुलगी, आणि महिन्यातून दोन तास, एवढ्यावर सुरुवात होते.

विदर्भातच दुसरं उदाहरण आहे. बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार तालुक्यातले, शेतकरी घरातले राजू केंद्रे यांनी २०१७ मध्ये एकलव्य ही संस्था सुरू केली. घरात पहिल्यांदाच कॉलेजची पायरी चढणाऱ्या मुलामुलींना नामांकित संस्थांच्या प्रवेशासाठी तयार करणं हे तिचं काम. केंद्रे स्वतः २०२१ मध्ये चेव्हनिंग शिष्यवृत्तीवर लंडनला शिकायला गेले. अशा कामात आधी पोहोचलेला विद्यार्थी मागच्याचा हात धरतो, हे सगळ्यात महत्त्वाचं. आपल्या शाळांनी आणि कॉलेजांनी अशा संस्थांना बोलवावं.

शिक्षकाने कोणत्या वर्गात काय पाहावं

सरांना वेळ नसतो हे आम्ही जाणतो. शिकवणं, पोर्टलवरची माहिती, निवडणुकीचं काम, त्यात नेटवर्क जाणं-येणं. म्हणून खाली दिलेली कामं नेमकी आणि थोडकी आहेत.

*नववी-दहावी : नाव आणि कागद.* आपल्या मुलांची मोठी अडचण नावाची असते. शाळेच्या रजिस्टरला एक स्पेलिंग, आधारवर दुसरं, वडिलांच्या कागदावर तिसरं. शेख हेच आडनाव इंग्रजीत तीन-चार तऱ्हांनी लिहिलं जातं, आणि कुठे आधी येतं तर कुठे शेवटी. पुढे प्रत्येक प्रवेशात दहावीची गुणपत्रिका हाच आधार धरला जातो. बोर्डाचा अर्ज भरण्याआधी वर्गशिक्षकांनी पालकांना आधार घेऊन बोलवावं आणि स्पेलिंग जुळवून घ्यावं. पंधरा मिनिटांचं काम आहे, पण राहिलं तर वर्षभर खेटे घालावे लागतात.

*अकरावी : जातीचा दाखला की ईडब्ल्यूएस?* महाराष्ट्रात १९९० च्या दशकात मुस्लिम ओबीसी चळवळीमुळे बागवान, तांबोळी, पिंजारी, खाटीक, अत्तार अशा अनेक बिरादऱ्यांना ओबीसी सवलतींची वाट खुली झाली. पण दाखला काढायला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा राज्यातल्या वास्तव्याचा पुरावा लागतो, आणि तो शोधायला महिने जातात. शिवाय केंद्रीय विद्यापीठात केंद्राच्या नमुन्यातलं नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र लागतं, आणि जात केंद्राच्या यादीत असावी लागते. राज्याच्या यादीतली प्रत्येक जात केंद्राच्या यादीत असतेच असं नाही, हे आधी तपासावं.

जे ओबीसीत येत नाहीत, त्यांच्यापैकी अनेकांना वाटतं आपल्याला काहीच नाही. तसं नाही. २०१९ च्या घटनादुरुस्तीने आलेलं १० टक्के ईडब्ल्यूएस आरक्षण धर्म पाहत नाही. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपेक्षा कमी असावं लागतं आणि जमीन-घराच्या मर्यादा पाळाव्या लागतात. दाखला तहसीलमधून मिळतो. बहुतेक केंद्रीय संस्था चालू आर्थिक वर्षाचाच दाखला मागतात. म्हणून जुनी कागदपत्रं अकरावीत गोळा करावीत आणि दाखला बारावीनंतर एप्रिल लागताच काढावा.

*बारावी : परीक्षा आणि पुस्तकं.* सीयूईटी २०२२ पासून सुरू झाली. ती मराठी आणि उर्दूसह १३ भाषांत देता येते, ही गोष्ट मराठी माध्यमाच्या मुलांना आवर्जून सांगावी. जेईई मेन आणि नीटचा पेपरही मराठीत मिळतो. जेईई अॅडव्हान्स्ड मात्र इंग्रजी आणि हिंदीतच असते. सीयूईटीचा अभ्यासक्रम एनसीईआरटीच्या बारावीच्या पुस्तकांवर आधारलेला आहे, आणि आपली मुलं बालभारती शिकतात. विषय शिक्षकाने एकदा दोन्ही अनुक्रमणिका समोर ठेवून कोणता धडा आपल्याकडे नाही तेवढी यादी केली, तर मुलांचा निम्मा गोंधळ संपतो. एनसीईआरटीची पुस्तकं हिंदी, उर्दू, इंग्रजीत नेटवर मोफत आहेत. ती यादी पुढच्या वर्षीही कामी येते.

*निकालानंतर : दुसरा अर्ज.* इथे सगळ्यात जास्त मुलं गळतात. सीयूईटी दिली म्हणजे प्रवेशाचा अर्ज झाला असं त्यांना वाटतं. पण परीक्षा वेगळी आणि विद्यापीठाचा अर्ज वेगळा. दिल्ली विद्यापीठाच्या स्वतःच्या पोर्टलवर पुन्हा नोंदणी करून कॉलेज आणि विषयांचा पसंतीक्रम भरावा लागतो. तिथे बारावीत शिकलेल्या विषयांचीच सीयूईटी धरली जाते, म्हणून अर्जात विषय निवडतानाच सरांनी एक नजर टाकावी.

जामिया आणि अलीगढबद्दलचे गैरसमज

आपल्या घरांत या दोन नावांना वेगळा मान आहे. जामिया १९२० साली अलीगढमध्ये सुरू झाली आणि १९२५ मध्ये दिल्लीला गेली. अलीगढची सुरुवात सर सय्यदांनी १८७५ मध्ये केली, विद्यापीठाचा दर्जा १९२० चा. दोन्हीकडे काही अभ्यासक्रमांना स्वतःची प्रवेश परीक्षा आहे, काहींना सीयूईटी लागते, आणि विद्यापीठाचा स्वतंत्र अर्ज भरावाच लागतो.

जामियात २०११ च्या अल्पसंख्याक दर्जानंतर निम्म्या जागा मुस्लिमांसाठी आहेत : ३० टक्के सर्वसाधारण मुस्लिम, १० टक्के मुस्लिम मुली आणि १० टक्के मुस्लिम ओबीसी व अनुसूचित जमाती. अलीगढमध्ये धर्मावर जागा राखीव नाहीत. तिथे निम्म्या जागा त्यांच्याच शाळा-कॉलेजांतून आलेल्यांना जातात. म्हणून दहावीनंतर अकरावीलाच अलीगढची परीक्षा देणं हा एक विचारपूर्वक निवडायचा मार्ग आहे, आणि तो दहावीच्या शिक्षकाला माहीत असायला हवा.

शिफारसपत्र : चार ओळींत मूल दिसलं पाहिजे

सीयूईटी किंवा नीटला शिफारसपत्र लागत नाही. पण परदेशी विद्यापीठं, देशातल्या काही खासगी संस्था आणि अनेक शिष्यवृत्त्या ते मागतात. आपल्याकडे बहुतेक पत्रं अशी असतात : “सदर विद्यार्थिनी हुशार, मेहनती व आज्ञाधारक असून तिची वर्तणूक चांगली आहे.” हे पत्र कोणत्याही मुलीला लागू पडतं, म्हणून वाचणाऱ्याच्या हाती काही येत नाही.

त्याऐवजी असं लिहिता येईल (हा फक्त नमुना) : “भूगोलाच्या प्रकल्पासाठी तिने मोहफुलांच्या हंगामात सलग पाच आठवडी बाजारांत भाव नोंदवले. भाव का पडतो याचं तिने दिलेलं कारण मला नवीन होतं. घरी दुकान सांभाळून ती हे करत होती.” तीन वाक्यं, पण मुलगी डोळ्यापुढे उभी राहते. पत्र मराठीत सुचत असेल तर आधी मराठीत लिहावं, भाषांतराला गावातला कुणीही शिकलेला मुलगा मदत करेल.

ब्रिटनमधल्या अर्जात शिक्षकाला तीन भागांत लिहायचं असतं : शाळेविषयी सर्वसाधारण माहिती, मुलाच्या निकालावर परिणाम करणारी काही परिस्थिती असेल तर ती, आणि त्याच्याबद्दल आणखी काय सांगावंसं वाटतं ते. यातला पहिला भाग शाळेने एकदाच लिहून ठेवावा. शाळा कुठे आहे, किती मुलं आहेत, कोणते विषय शिकवायला शिक्षक आहेत, प्रयोगशाळा आहे का, मुलं किती लांबून येतात. धानोऱ्यात ७८ टक्के मिळवणं आणि पुण्यात ७८ टक्के मिळवणं यातला फरक वाचणाऱ्याला आपण सांगितल्याशिवाय कळणार नाही. ही तक्रार नाही, हे त्याला हवं असलेलं उत्तर आहे.

मुलीला इतक्या लांब पाठवायचं?

हा प्रश्न घरोघरी आहे आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. शिक्षकाने “काळजी करू नका” म्हटल्याने काळजी जात नाही. हॉस्टेल कुठे आहे, दार किती वाजता बंद होतं, जेवण कसं, नमाजाची सोय, पहिल्या दिवशी सोबत कोण जाईल, ही उत्तरं हवीत. अलीगढच्या विमेन्स कॉलेजची सुरुवात १९०६ मध्ये शेख अब्दुल्लाह आणि त्यांच्या पत्नी वहीद जहाँ बेगम यांनी मुलींच्या शाळेपासून केली. तेव्हाच्या आईवडिलांनाही हीच धास्ती होती. त्यांनी मुलींच्या राहण्याची सोय केली, आणि मग लांबच्या घरांनी मुली पाठवल्या.

शाळेने एक करावं : पालकांना तिथे आधीच शिकणाऱ्या एखाद्या मुलीच्या आईशी फोनवर बोलू द्यावं. सर, मॅडम, मौलाना या सगळ्यांच्या सांगण्यापेक्षा एका अम्मीचं दुसऱ्या अम्मीला सांगणं जास्त पटतं.

मुलीने लांब जाऊ नये असंच घरचं ठरलं, तर राज्यातही चांगल्या संस्था आहेत. पुण्याचं आयसर, नागपूरचं राष्ट्रीय विधी विद्यापीठ, मुंबईची रसायन तंत्रज्ञान संस्था. २०२४-२५ पासून ८ लाखांपेक्षा कमी उत्पन्न असलेल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी घरांतल्या मुलींना राज्यात व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ आहे. इथेही तोच दाखला कामी येतो.

पैसा आणि जमातीचं काम

शिष्यवृत्तीबाबत जुन्या माहितीवर विसंबू नये. मौलाना आझाद नॅशनल फेलोशिप बंद केल्याचं केंद्राने डिसेंबर २०२२ मध्ये संसदेत सांगितलं. तरी आजही कुणी ना कुणी तिचंच नाव मुलांना सांगतो. दुसरीकडे राज्य सरकारने अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठी परदेशी शिक्षणाची शिष्यवृत्ती सुरू केली आहे, आणि अझीम प्रेमजी विद्यापीठासारख्या ठिकाणी घरची परिस्थिती पाहून फी, राहणं, जेवण यांत मोठी सवलत मिळते. राज्याच्या मौलाना आझाद महामंडळाचं शैक्षणिक कर्जही आहे. व्याजामुळे ज्यांना ते नको, त्यांनी शिष्यवृत्तीचे पर्याय वेळेत धरावेत.

पण धानोऱ्यात मूल अडतं ते बहुधा लाखावर नाही, हजारावर. अर्जाची फी, परीक्षा केंद्रापर्यंतचा प्रवास, एक रात्र राहणं, प्रवेश निश्चित करायची पहिली रक्कम. ती भरायला बऱ्याचदा दोन-तीन दिवसच मिळतात. इथे जमातीने पुढे यावं :

• बैतुलमालातून किंवा वर्गणीतून अर्ज आणि प्रवासासाठी छोटा निधी बाजूला ठेवावा. जकातीचा पैसा यात कसा वापरायचा हे आधी आलिमांना विचारून घ्यावं.

• चांगलं इंटरनेट असलेली एखादी खोली अर्जाच्या दिवसांत संध्याकाळी खुली ठेवावी, सगळ्या समाजाच्या मुलांसाठी.

• मदरशाच्या किंवा मशिदीच्या फलकावर तारखा लिहाव्यात, आणि जुम्याला एका मिनिटात सांगाव्यात.

• तहसीलच्या दाखल्यांसाठी एका जाणत्या माणसाने पालकांसोबत जावं, म्हणजे सरांचा शाळेचा दिवस मोडणार नाही.

• दरवर्षी कोण कुठे गेलं, काय अडलं, हे एका वहीत लिहून ती वही शाळेत ठेवावी. सरांची बदली झाली तरी वही राहते.

शेवटची गोष्ट सगळ्यात स्वस्त आहे आणि सगळ्यात जास्त टिकणारी. आज एखाद्या हुशार शिक्षकाची बदली झाली की त्याने जमवलेलं सगळं त्याच्यासोबत जातं आणि पुढचा पुन्हा शून्यापासून सुरू करतो.

मौलाना आझाद देशाचे पहिले शिक्षणमंत्री असताना १९५१ मध्ये खरगपूरला पहिलं आयआयटी सुरू झालं. त्यांचा जन्मदिवस ११ नोव्हेंबर हा राष्ट्रीय शिक्षण दिन. यंदा त्या दिवशी धानोऱ्यातल्या पालकांनी शाळेत जाऊन सरांना एवढंच विचारावं : बारावीची किती मुलं बाहेर अर्ज करणार आहेत, आणि त्यांच्यासाठी आम्ही काय करू? नोव्हेंबरमध्ये विचारलं तर जानेवारीच्या अर्जाला दोन महिने हातात राहतात. इन्शाअल्लाह, त्यातून दोन मुलं जरी गेली, तरी पुढच्या वर्षी सरांना विचारायला पालक स्वतःहून येतील.